काढायला ठराव लागला नव्हता

गेल्या महिन्यात मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथातल्या आमच्या मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीच्या बैठकीत, ‘इतर विषय’ या शेवटच्या सदराखाली, मी एक ठराव वाचून दाखवला. त्याआधी पाऊण तास छताची गळती आणि जनरेटरचे डिझेल यांवर चर्चा झाली होती, चहा येऊन गेला होता आणि दोन सभासद घड्याळाकडे पाहू लागले होते. ठराव तीन वाक्यांचा होता. आपल्या मंडळीतील कोणत्याही व्यक्तीला तिच्या लैंगिक कलामुळे किंवा लिंगभावामुळे प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी), भजनमंडळ, संडे स्कूल, एमवायएफ (तरुणांची संघटना) किंवा इतर कोणत्याही सेवेपासून दूर ठेवले जाणार नाही. अशा व्यक्तीच्या घरी प्रार्थनेला, आजारपणात भेटीला आणि अंत्यविधीला मंडळी इतरांप्रमाणेच जाईल. कोणाला सेवेतून कमी करायचेच असेल, तर त्याचे कारण त्याला समोर बसवून सांगितले जाईल आणि ते कार्यवृत्तात लिहिले जाईल.

पहिला प्रश्न खजिनदारांनी विचारला. “बाई, असं कोणाला मनाई करणारा आपल्याकडे एखादा नियम आहे का?” मी नाही म्हणाले. “मग ठराव काहून पाहिजे जी?” प्रश्न सरळ होता आणि त्यात खोच नव्हती. मला मात्र त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. चाळीस वर्षे वर्गात बोलूनसुद्धा कमिटीत माझी जीभ जड होते, म्हणून ते उत्तर येथे लिहीत आहे.

नियम नव्हता हे खरेच आहे. ज्या मुलामुळे मी हा ठराव लिहिला, त्याला कोणत्याही नियमाने काढलेले नाही. त्याचे आणि आमच्या चर्चचेही नाव मी लिहिणार नाही, कारण नागपुरातल्या ख्रिस्ती लोकांना एकमेकांची घरेच काय, घरांतली भांडणेही ठाऊक असतात. तो पाच वर्षांचा असताना माझ्या संडे स्कूलच्या वर्गात आला. अकराव्या वर्षी आजोबांच्या पेटीवर बसू लागला आणि पुढे मंडळीने वर्गणी काढून की-बोर्ड घेतला तेव्हा तो वाजवणारा तोच, हे कोणी न सांगताच ठरले. आमच्याकडे डब्ल्यूएससीएसच्या, म्हणजे स्त्रियांच्या सेवा संघटनेच्या, आजीबाई भजन उचलतात त्या आपापल्या मनाच्या पट्टीत. हा मुलगा पहिल्या ओळीच्या आतच ती पट्टी पकडत असे, ट्रान्सपोजचे बटण एकदोनदा दाबत असे आणि दुसऱ्या ओळीला सगळी मंडळी एका सुरात येत असे. आपण वरच्या पट्टीत गेलो होतो हे आजीबाईंना कधी कळलेही नाही. नाताळच्या कॅरल फेरीत, डिसेंबरच्या थंडीत, रात्री अकरा वाजता शेवटच्या घरी पोहोचेपर्यंत गळ्यात पेटी अडकवून चालणारा तोच असायचा.

समलिंगी आणि तृतीयपंथी लोकांची पहिली प्राइड यात्रा नागपुरात २०१६ साली निघाली. त्यानंतरच्या एका वर्षी त्या यात्रेत, संविधान चौकात, या मुलाचा फोटो निघाला. तो कोणाच्या तरी व्हॉट्सॲपवर आला आणि तेथून दोन दिवसांत सगळ्यांच्या फोनवर फिरला. त्याबद्दल मंडळीत कोणी एक शब्द उघड बोलले नाही. पाळकसाहेबांनी उपदेशात काही सांगितले नाही, कमिटीत विषय निघाला नाही, कोणी त्याच्या घरी गेले नाही. दर महिन्याला उपासनेत कोण वाजवणार याची एक यादी निघते आणि ती सूचनाफलकावर लागते. ती संगीत समितीतले आम्ही तिघे करतो आणि खाली सही माझी असते. त्या महिन्याची यादी सहीला आली तेव्हा त्याच्या चारही रविवारी दुसरी नावे होती. मी विचारले, तर “सध्या काही दिवस” असे उत्तर मिळाले. मी सही केली. पुढच्या महिन्यातही केली. तिसऱ्या महिन्यात मी विचारलेदेखील नाही.

त्याने कोणाला जाब विचारला नाही. काही रविवार तो दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसला, मग फक्त प्रभुभोजनाच्या रविवारी येऊ लागला, आणि मग त्याही दिवशी दिसेनासा झाला. रस्त्यात एकदा भेटला तेव्हा म्हणाला, “टीचर, मी आता येत नाही जी.” मी त्याला ‘का’ विचारले. स्वतः सही करणाऱ्या बाईने विचारलेला तो प्रश्न आठवला की आजही मला लाज वाटते.

खजिनदारांना द्यायचे उत्तर एवढेच आहे. त्याला काढायला ठराव लागला नव्हता, म्हणून त्याला परत बोलवायला ठराव पाहिजे. कागदावर न घेतलेला निर्णय मागेही घेता येत नाही, कारण तो कोणी घेतलेलाच नसतो.

बैठकीत दुसरा आक्षेप आला तो असा की, हा विषय आपल्या पातळीवरचा नाही, आपल्या चर्चची सर्वोच्च सभा, जनरल कॉन्फरन्स, ठरवील तेव्हा पाहू. यादीतले नाव मात्र कोणत्याही कॉन्फरन्सने बदलले नव्हते. तिसरा आक्षेप मला अपेक्षित होता : हे सगळे अमेरिकेचे खूळ आहे. तो मी गांभीर्याने घेते, कारण त्यात थोडे तथ्य आहे आणि बरीच विसरभोळी अर्धवट माहिती आहे.

अमेरिकेत जे घडले ते आपल्याकडे पुसट ऐकीव स्वरूपात पोहोचते, म्हणून जरा तपशिलाने सांगते. तिथल्या युनायटेड मेथडिस्ट चर्चने १९७२ साली आपल्या नियमांच्या पुस्तकात, शिस्तग्रंथात, समलिंगी आचरण ख्रिस्ती शिकवणीशी विसंगत असल्याचे वाक्य घातले. १९८४ मध्ये अशा व्यक्तींना पाळक म्हणून दीक्षा देण्यावर बंदी आली, १९९६ मध्ये समलिंगी जोडप्यांचे विधी लावण्यावर. २०१९ साली सेंट लुईस येथे खास अधिवेशन भरवून ४३८ विरुद्ध ३८४ मतांनी ती बंदी आणखी कडक करण्यात आली, आणि त्यानंतरच्या चार वर्षांत साडेसात हजारांहून अधिक मंडळ्या त्या चर्चमधून बाहेर पडल्या. मग २०२४ च्या मे महिन्यात शार्लट येथे ६९२ विरुद्ध ५१ मतांनी दीक्षेवरची बंदी उठली, आणि दुसऱ्या दिवशी ५२३ विरुद्ध १६१ मतांनी ते १९७२ चे वाक्यही काढले गेले. त्याच महिन्याच्या शेवटी आयव्हरी कोस्टच्या मेथडिस्टांनी युनायटेड मेथडिस्ट चर्चपासून वेगळे होण्याचा निर्णय घेतला. तोही भाग सांगितला पाहिजे, नाहीतर मी सोयीचे तेवढेच सांगते असे होईल. ब्रिटनच्या मेथडिस्ट चर्चने ३० जून २०२१ रोजी २५४ विरुद्ध ४६ मतांनी समलिंगी विवाहाला मान्यता दिली. ज्या पाळकांचे मन मानत नाही त्यांनी असे विवाह लावले नाहीत तरी चालेल, ही मोकळीकही त्याच निर्णयात ठेवली.

यातले काहीही आपल्याला बंधनकारक नाही. मेथडिस्ट चर्च इन इंडिया १९८१ पासून स्वायत्त आहे आणि शार्लटच्या मतमोजणीने आमच्या सूचनाफलकावरची यादी बदलत नाही. तिने ती बदलावी असे मी म्हणतही नाही. पण स्वायत्त असणे म्हणजे स्वतः विचार करण्याची जबाबदारी आपल्यावर असणे, आणि ती आपण एकदा याच शहराच्या संदर्भात निभावलेली आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये अनेक पंथांची चर्चे एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट त्यात सामील झाले. अमेरिकन मिशनच्या परंपरेतले आमचे चर्च कित्येक वर्षे वाटाघाटींत असूनही अगदी शेवटच्या टप्प्यावर बाहेर राहिले. ते योग्य झाले की अयोग्य, यावर आमच्या घरात माझे वडील आणि काका मरेपर्यंत एकमत झाले नाही. निर्णय मात्र आपला होता, आणि तो घेताना परदेशी मंडळी काय म्हणतात म्हणून कोणी थांबले नव्हते.

राहिला ‘विदेशी’ या शब्दाचा प्रश्न. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ हे १८६० च्या भारतीय दंड संहितेतले, म्हणजे ब्रिटिशांनी लिहिलेले. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या परस्परसंमतीच्या संबंधांना त्यातून वगळले. त्याआधी १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथी व्यक्तींना आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क त्याच न्यायालयाने मान्य केला होता. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी विवाहाला मात्र कायदेशीर मान्यता मिळाली नाही. माझ्या ठरावात लग्नाचा शब्द नाही, हे मी बैठकीत दोनदा सांगितले. तरी एका सभासदांनी तीनदा विचारले की, उद्या चर्चमध्ये दोन नवरदेव उभे करणार काय. लोकांना ज्या प्रश्नाचे उत्तर तयार असते तोच प्रश्न ते विचारतात.

आपल्या स्वतःच्या मेथडिस्ट परंपरेकडे वळले तर मला तेथे बळ मिळते. या परंपरेचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी १७४३ साली आपल्या मंडळ्यांसाठी तीन साधे नियम घालून दिले. त्यातला पहिला नियम कोणाचे अहित न करण्याचा आहे, भले करण्याचा नियम दुसरा आणि उपासनेचा तिसरा. हा क्रम मी संडे स्कूलमध्ये वर्षानुवर्षे घोकून घेतला आणि त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. आपण काय भले करतो याच्या याद्या आमच्या वार्षिक अहवालात दोन पाने भरून असतात, पण आपल्यामुळे कोणाचे वाईट झाले याचे एक सदर कोणत्याही अहवालात मी पाहिलेले नाही.

वेस्ली यांच्या तरुणपणातली एक हकीकत फार थोड्या मेथडिस्टांना ठाऊक आहे. ‘मेथडिस्ट’ हे नाव तेव्हा ऑक्सफर्डमध्ये टवाळीचे होते आणि वेस्ली व त्यांचे मित्र नेमाने तुरुंगातल्या कैद्यांना भेटायला जात. १७३२ साली तिथल्या तुरुंगात ब्लेअर नावाचा एक माणूस होता आणि त्याच्यावर पुरुषसंगाचा आरोप होता. या मंडळींनी त्यालाही वगळले नाही; त्याला भेटत राहिले, त्याच्या खटल्याच्या कामात मदत केली आणि त्यापायी विद्यापीठात स्वतःची बदनामी ओढवून घेतली. वेस्ली यांना ते कृत्य मान्य होते असे कोणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. आपले नाव खराब होईल म्हणून त्यांनी त्या कैद्याची पाळी यादीतून गाळली नाही, एवढेच मला दिसते.

पवित्र शास्त्राचा प्रश्न टाळून हा विषय संपणार नाही, आणि मंडळीतल्या ज्या लोकांना तो खरोखर टोचतो त्यांना मी ढोंगी समजत नाही. समलिंगी संबंधांना निषिद्ध ठरवणारी बायबलच्या लेवीय या पुस्तकातली वचने आहेत, रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय आहे, आणि ती वचने गाळून वाचावीत असे मला वाटत नाही. पण मी संडे स्कूलची शिक्षिका आहे आणि मला पुस्तक सलग वाचायची सवय आहे. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात षंढाला परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नाही असे स्पष्ट लिहिले आहे. यशयाच्या छप्पन्नाव्या अध्यायात परमेश्वर त्याच षंढाला आपल्या मंदिरात, आपल्या भिंतींच्या आत, मुलामुलींपेक्षा उत्तम नाव देण्याचे वचन देतो. आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात कूश देशाचा षंढ यरुशलेमेहून परत जाताना रथात बसून यशयाचेच पुस्तक वाचत असतो. गज्जाच्या वाटेवर पाणी दिसताच तो विचारतो की, मला बाप्तिस्मा घ्यायला काय हरकत आहे. रथात त्याच्याजवळ बसलेल्या फिलिप्प या सुवार्तिकाला अनुवादातले वचन ठाऊक नसेल असे कोण म्हणेल? तो रथातून उतरला आणि त्याच्याबरोबर पाण्यात गेला.

‘षंढ’ हा शब्द आपण उपासनेत वाचतो तेव्हा कोणाच्या कानाला खटकत नाही, आणि बाहेर रस्त्यावर तीच शिवी असते. एकदा संडे स्कूलमध्ये हा पाठ घेताना एका मुलाने त्याचा अर्थ विचारला आणि मी तो ‘राणीचा मोठा अधिकारी’ असा सांगून पुढे गेले. आमचा की-बोर्ड वाजवणारा मुलगा तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असेल. तो त्या वर्गात होता की नाही, हे मला आठवत नाही.

माझ्या आजोबांचे गाव वर्ध्याकडचे. गावच्या विहिरीला हात लावायची त्यांना मुभा नव्हती. मिशनच्या शाळेत ते शिकले, पुढे बाप्तिस्मा घेतला, आणि ते आयुष्यभर एकच गोष्ट सांगत : पहिल्या प्रभुभोजनाला ज्या सतरंजीवर ते बसले, तिच्यावर त्यांच्या एका बाजूला गावातल्या वरच्या आळीचा माणूस होता आणि तो उठून गेला नाही. विदर्भातल्या आमच्यापैकी कितीतरी घरांची कथा थोड्याफार फरकाने हीच आहे. १९५६ साली दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी लाखोंना वेगळी वाट दाखवली, तेव्हा आजोबा ख्रिस्ती होते आणि ख्रिस्तीच राहिले, पण त्या दिवशी ते पाहायला गेले होते आणि परत येऊन जेवले नाहीत, इतके भारावले होते. त्याच वर्षी अमेरिकेतल्या मेथडिस्टांनी स्त्रियांना पाळक म्हणून पूर्ण हक्क दिले. हा निव्वळ योगायोग आहे, पण मला तो आवडतो. या मंडळीची सुरुवात ‘हा येथे बसेल’ या वाक्याने झाली आहे, आणि त्याच सतरंजीची नातवंडे आम्ही कोणाला शेवटच्या बाकापर्यंत आणि तेथून दाराबाहेर सरकवत नेतो, तेही एक शब्द न बोलता.

त्या मुलाची आई एका संध्याकाळी माझ्याकडे आली. ती डब्ल्यूएससीएसची सभासद आहे, बुधवारची प्रार्थनासभा तिने अजून चुकवलेली नाही. तिला की-बोर्डबद्दल बोलायचे नव्हते, लग्नाबद्दल नव्हते, कोर्टाबद्दल तर नव्हतेच. तिने पिशवीतून एक जुने पावतीपुस्तक काढले. त्यात तिच्या नवऱ्याची, तिची आणि मुलाची मंडळीची वर्गणी महिन्यावारी लिहिलेली होती, अगदी मुलगा यायचा बंद झाल्यानंतरचीसुद्धा. “टीचर, वर्गणी चालू ठेवली तर त्याला कब्रस्तानात जागा मिळेल ना?” तिचा मुलगा सव्वीस वर्षांचा आहे आणि त्याची प्रकृती ठणठणीत आहे. ठरावातले अंत्यविधीचे वाक्य तिथून आले. कमिटीत एकाने ते अनावश्यक आणि अशुभ वाटते म्हणून काढायला सुचवले. मी नकार दिला.

आपल्या शहरात सिव्हिल लाइन्समध्ये नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडियाचे मुख्यालय आहे आणि आपले चर्च तिचे सभासद आहे. लिंगभाव आणि लैंगिक विविधता यांवर तेथे गेली काही वर्षे चर्चा होत आल्या आहेत. आमच्या चर्चपासून ती इमारत रिक्षाने फार लांब नाही. देशभरातले लोक तेथे येऊन बोलून जातात आणि आम्ही मात्र शार्लटला नावे ठेवतो, हे पाळकसाहेबांना सांगितल्यावर ते हसले. ते या विषयात वाईट नाहीत. बदलीची टांगती तलवार असलेल्या माणसाकडून जेवढे धैर्य अपेक्षित धरावे तेवढे ते दाखवतात, आणि बाकीचे दाखवण्याची जबाबदारी आमच्यासारख्या निवृत्त, पेन्शनवाल्या सभासदांची आहे असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

ठराव संमत झाला नाही. फेटाळलाही गेला नाही. पाच जण पुढच्या बैठकीत घेऊ म्हणाले, तीन जण बाजूने होते, दोघे विरोधात आणि एक सभासद तोवर घरी गेले होते. विरोध करणाऱ्या दोघांपैकी एक गृहस्थ बाहेर स्कूटर काढताना माझ्याजवळ थांबले आणि म्हणाले की, मुलगा वाजवायचा मात्र छान. मी म्हटले, मग घरी जाऊन त्याला तेवढेच सांगा. ते जातील असे मला वाटत नाही, पण त्यांनी पत्ता विचारला.

दोन दिवसांनी मी सचिवांकडे जाऊन कार्यवृत्त पाहिले. ‘इतर विषय’ या मथळ्याखाली फक्त ‘एक सूचना आली, पुढील बैठकीत विचार’ एवढेच लिहिलेले होते. सूचना कोणती, कोणाबद्दल, काही नाही. मी म्हटले, माझी तिन्ही वाक्ये जशीच्या तशी लिहा, पुढे ढकलली असतील तर ढकलली म्हणून लिहा. सचिव कुरकुरले, वही स्वच्छ राहिली पाहिजे म्हणाले, मग चष्मा लावून त्यांनी जुन्या ओळीवर एक सरळ रेघ मारली आणि मी सांगेन तसे लिहू लागले. दुसऱ्या वाक्यानंतर त्यांनी पेन बदलला. तिसरे संपल्यावर पहिल्या वाक्यापाशी बोट ठेवून त्यांनी मान वर न करता विचारले की, ‘लिंगभाव’ हा एक शब्द की दोन. एक, मी सांगितले, आणि त्यांनी मधली मोकळी जागा जोडून घेतली.